वर्दी

आयर्लंडमधल्या ट्रली गावाबाहेरच्या या उतारावर घरं दोनच, माझं आणि म्हाताऱ्या डोनलचं. माझी नोकरी घरूनच, लॅपटॉपवर. दार वाजायचं ते वर्षातून एकदाच, फेब्रुवारीत. डोनल सांगायचा, “उद्या आम्ही वरची हेदरची झुडपं जाळतोय. धूर येईल, दोरीवरचे कपडे आत घे.” जाळण्याआधी शेजाऱ्यांना वर्दी द्यायची, असा इथला नियम. मार्चपासून पाखरं घरटी बांधतात, मग जाळायला बंदी. यंदा फेब्रुवारी सरत आला तरी डोनल फिरकला नाही. त्याच्या जोडीला आग सांभाळणारा भाऊ दिवाळीत वारला होता. महिन्याच्या शेवटच्या दुपारी दार वाजलं. “यंदा जाळत नाहीये,” डोनल म्हणाला. “एकट्यानं आग लावायची नसते. तेवढंच सांगायला आलो.” न जाळण्याची वर्दी द्यावी, असा नियम कुठेच नाही. मी म्हटलं, “थांबा हं, कपडे आत घेते.” दोरी रिकामी होती, त्यालाही दिसत होती. “ग्रँड,” म्हणजे इथलं ‘बरं’, म्हणाला आणि दारातच थांबला.