थेंब सोडले

शालनबाई हातभर अंतरावर बसल्या होत्या आणि त्यांना ज्ञानदेव दिसत नव्हते.

पिंपरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर एकच जागा मोकळी होती. ज्ञानदेव घाईनं तिथे टेकले आणि मग त्यांनी शेजारी पाहिलं. रहाटणीच्या बागेत रोज सकाळी योगासनांना येणाऱ्या शालनबाई! ज्ञानदेवांनी पिशवी मांडीवर घेतली, पाय हलवला, जरासे खाकरले. बाईंची नजर समोरच्या भिंतीवरून ढळली नाही. ज्ञानदेव बाईंच्या डाव्या अंगाला होते.

काचबिंदू असाच कडेकडेनं खात येतो, हे ज्ञानदेवांना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत तो सहा वर्षांपासून होता.

उठावं आणि गुपचूप निघून जावं. बाईंना कळणारही नाही. त्यांनी पिशवी उचललीसुद्धा, तेवढ्यात फाइल घेऊन शालनबाईंची सून समोर आली.

"काका? तुम्ही इथं?"

"कोण गं दिपाली?"

"बागेतले ज्ञानदेवकाका. तुमच्या शेजारीच बसलेत की."

शालनबाईंनी मान वळवली. आणखी वळवली. ज्ञानदेवांचा चेहरा सापडेपर्यंत त्यांना जवळजवळ अख्खं अंग फिरवावं लागलं. मग त्या ओशाळं हसल्या आणि त्यांनी पदर सावरला.

"भाऊ, माझंच कायतरी चुकलं बघा. तुमी सांगितलं तसा पालकाचा रस रोज घेतला. त्रिफळ्याच्या पान्यानं डोळं धुतलं. एका दिवसाचा खाडा न्हाई. तरी डावीकडचं गेलं म्हनत्यात. आता गेलेलं काय माघारी यायचं न्हाई."

"डॉक्टर केवढे चिडले!" दिपाली म्हणाली. "आठ महिने थेंब कुणाच्या सांगण्यावरून बंद ठेवले म्हणून विचारत होते."

"म्या तुमचं नाव न्हाई घेतलं," शालनबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "माझ्याच मनानं सोडलं म्हनलं. तुमी भल्यासाठी सांगितलं, तुमाला कशाला बोल लावायचा?"

ज्ञानदेवांच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. चाकणच्या कंपनीत पेंट शॉपला सुपरवायझर असताना त्यांच्या तोंडून खोटा शब्द निघाला नव्हता. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना विचारणारं कुणी उरलं नाही. बागेत एकदा योगासनं झाल्यावर ते पालक, गाजर, अक्रोड असं काय काय सांगत बसले. माणसं गोळा झाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मागून एकानं विचारलं, "मग थेंब टाकता की नाही?" आणि ते म्हणून गेले, "थेंब? कधीच सोडले!" दुसऱ्या दिवशी ऐकायला दुप्पट माणसं आली. त्यात शालनबाई सगळ्यात पुढे बसल्या होत्या.

"शालनताई," ज्ञानदेव म्हणाले. "मी थेंब सोडलेच नव्हते."

"म्हंजी?"

"रोज टाकतो. रस पितो तो वेगळा. डोळे शाबूत आहेत ते थेंबांमुळे. इथल्या डॉक्टरांनीच सांगितलंय मला. एकदा नाही, दर खेपेला."

"काका!" दिपालीचा आवाज चढला. पुढच्या बाकावरची दोन माणसं वळून बघू लागली. "सगळ्यांसमोर छातीला हात लावून सांगत होता तुम्ही! आत्याबाई थेंब सोडतायत म्हटल्यावर मी भांडले होते त्यांच्याशी. तुमचं उदाहरण दिलं त्यांनी मला."

ज्ञानदेवांना मान वर करता येईना. फरशीवर कुणाची तरी चिठ्ठी पडली होती, तिच्याकडे ते बघत राहिले.

"आन आज?" शालनबाईंनी विचारलं. "आज कशापायी आलाय?"

"नवीन बाटली लिहून घ्यायला."

शालनबाईंनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी ज्ञानदेवांनी गाल पुढे केला असता. त्या नुसत्या हाताच्या बोटांकडे बघत बसल्या. डोळ्यांत झोंबतात म्हणून थेंबांचा त्यांना आधीच कंटाळा होता. सोडायला निमित्त हवं होतं, ते मिळालं. हे त्यांच्या मनात आलं असावं, कारण त्या पुटपुटल्या, "मलाबी गोडच लागलं तवा ऐकायला."

"तुमचा काही दोष नाही, ताई."

"न्हाई कसा?" त्यांनी एकदम मान वर केली. "फोन हाय का तुमच्यापाशी? आमच्या आळीतल्या चिमाजीच्या रंभेला लावा. दिपाली, नंबर सांग यांना. तिलाबी ह्योच आजार हाय. गेल्या महिन्यात तिचं थेंब म्या सोडवलं. तुमचं नाव सांगून."

दिपालीनं सांगितलेला नंबर ज्ञानदेवांनी दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा लागला.

"स्पीकरवर ठेवा," दिपाली म्हणाली.

फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"ज्ञानदेव बोलतोय. बागेतला."

"अगंबाई! बोला डॉक्टर," रंभा मोठ्या कौतुकानं म्हणाली. बाकावरच्या सगळ्यांना तिचा आवाज ऐकू गेला. "आत्ताच रस घेतला बघा."