सासूबाईंचं नाव

शेनँडोआच्या खोऱ्यात पाद्री वर्षातून एकदाच यायचा, मक्याच्या पेरणीच्या दिवसांत. तो घोड्यावरून उतरला तेव्हा अपोलोनिया तोडलेल्या झाडांच्या खुंटांमधून नांग्या भरत होती. कावळ्यांनी जिथलं बी उकरून नेलं होतं, तिथं काठीनं भोक पाडून पुन्हा दाणे टाकत होती. शेजारी टोपलीत शाल पांघरलेलं बाळ झोपलं होतं.

"यंदा कोणाचा बाप्तिस्मा?" पाद्रीनं खोगिराच्या पिशवीतून वही काढली.

"पोरीचा. नाव ओटिलिया. सासूबाईंचं नाव चालवायचंय."

पाद्रीनं मागचं पान उलटलं आणि तो हसायलाच लागला. "अगं बाई, हिला मी गेल्याच साली बाप्तिस्मा दिलाय की! हे बघ, माझंच अक्षर. पाणी फुकट आहे म्हणून एकाच लेकराला दोनदा देत नसतात!"

हातातले दाणे संपेपर्यंत अपोलोनियानं मान वर केली नाही. मग परकराला हात पुसून तिनं टोपली उचलली आणि त्याच्यापुढं धरली.



"ती थंडीत गेली, पाद्रीबाबा. ही तिसरी ओटिलिया."