अळिंबी कुणाची कोण?

सासूबाईंनी चपातीच्या टोकानं भाजीतला तुकडा उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, "हा कोण?"

"अळिंबी आहे, आई," वृंदा म्हणाली. नव्या सुनेकडे यापुढे जेवायचं, की येताना घरून डबा आणायचा, हे आज ठरणार होतं.

"प्राणी नाही ना?"

"छे!"

"मग वनस्पतीच."

टेबलाखाली शिरीषनं बायकोचा पाय दाबला. पण वृंदा सातवीला विज्ञान शिकवायची. वर्गात नेमका हाच धडा चालू होता आणि चुकीचं उत्तर तिच्या तोंडून निघेना.

"वनस्पतीही नाही. झाडं उन्हात आपलं अन्न आपण तयार करतात. हिला ते जमत नाही, ही दुसऱ्यांवर जगते. म्हणून कवकांचा गटच वेगळा."

"आयतं खाते म्हणजे, शिरीषसारखी," सासूबाई म्हणाल्या. "आणि जवळचं नातं कुणाशी?"

"झाडांपेक्षा... प्राण्यांशी," वृंदा म्हणाली.

शिरीषनं डोळे मिटले.

सासूबाईंनी ताट दूर सारलं. मग संशय स्वस्थ बसू देईना, म्हणून पुन्हा जवळ ओढलं. एक तुकडा तोंडात टाकून पंख्याकडे बघत सावकाश चावला. घरात कधी अंडंसुद्धा येऊ न देणाऱ्या त्या बाईचा निकाल ऐकायला दोघं थांबली.

"काळजी नको," त्या म्हणाल्या. "मटण असं लागत नाही. वाढ आणखी."

वृंदानं वाढलं. शिरीषचा घास मात्र हातातच राहिला. आता तो आईकडे निरखून बघत होता.