सावलीतलं वाळवण

रीफच्या डोंगरात कापणी उरकली. मिमूंतनं गच्चीवर ताडपत्रीखाली गांजाची झाडं उलटी टांगली. उन्हात घाई केली की माल कामातून जातो. सावलीत पंधरा-वीस दिवस लागतात. तिचा नवरा अल्लाल मात्र झाडांच्या आधीच वाळत चालला होता. खोकला की फडक्यावर रक्त.

"एकदा शहरातल्या दवाखान्यात चला ना."

"वेड लागलंय का तुला? एकोणीस वर्षं माझ्या नावाचं वॉरंट फिरतंय. डोंगर उतरलो की बेड्या!"

शुक्रवारी पोलीस थेट गच्चीवरच चढले. बेड्या पडल्या तसा अल्लाल शेजारच्या गच्चीकडे बघून ओरडला, "हम्मू, चहाडखोरा! माझ्या घरचं मीठ खाल्लंस ना रे?"

हम्मू बिचारा आ वासून बघत राहिला. दाराआड आधीच बांधून ठेवलेलं गाठोडं मिमूंतनं उचललं. त्यात लोकरी झगा होता, मधाची बाटली होती, धुतलेली फडकी होती. गाठोडं जीपमध्ये ठेवता ठेवता ती हळूच हवालदाराच्या कानाशी लागली.

"साहेब, तुरुंगात डॉक्टर रोज येतो म्हणाला होतात. नक्की येतो ना?"