अब्राहामाचं पान

बाइंडरकाकांनी बायकोचं बायबल तिसऱ्यांदा टेबलावर कण्यावर उभं केलं, डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात प्रार्थना पुटपुटली आणि हात सोडले. पुस्तक उघडलं. पुन्हा तेच पान. देव अब्राहामाला घरदार सोडून निघायला सांगतो, ते.

"झालं!" मुलगी उठलीच. "तीनदा सांगितलं देवाने. आता चला. अब्राहाम पंच्याहत्तरीत निघाला, तुम्ही अजून सत्तरीचेही नाही."

दाराशी टेम्पो उभा होता. कपड्यांची बॅग टेबलाखाली उघडीच पडली होती. बायको जाऊन आठ महिने झाले होते आणि तेवढेच महिने मुलगी 'माझ्याकडे राहायला या' म्हणून मागे लागली होती. काकांचं उत्तर एकच. देव सांगेल तेव्हा.

आता देवाने सांगितलं होतं. पण काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि पुस्तकाच्या कण्यावरून अंगठा फिरवला.

"ही कुणाची करामत?"

"कसली करामत?"

"एवढं जाड पुस्तक. ते आपण होऊन दहाव्या पानावर उघडेल? इथली शिवण तुटलीय. पुस्तक जिथे मोडतं तिथेच उघडतं, त्यात देवाचा काय संबंध! गेल्या खेपेला तूच दाबून ठेवलं असशील."

"मी? देवाशी लबाडी करायला मला काय वेड लागलंय?"

"देवाशी नाही. माझ्याशी."

काकांनी फळीवरून स्वतःचं बायबल काढलं. त्यांनीच बांधलेलं. उघडताना दारासारखं कुरकुरायचं. "हे सरळ आहे. याला विचारू."

उभं केलं, डोळे मिटले, हात सोडले. मग पानावर बोट ठेवून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"काय आलं?"

"उंट खाऊ नये."

"खाणार होतात?"

टेम्पोवाला दारातून डोकावला. "काका, जायचंय की राहायचंय? मला दुपारी दुसरं भाडं आहे."

"थांबा हो जरा," मुलगी म्हणाली. "उंटावर अडलंय."

काका हसले नाहीत. "मी आडमुठेपणा करत नाही गं. मला खरंच कळत नाहीये. इथे राहिलो तर तिच्या आठवणीसाठी राहिलो की भीतीपोटी? आणि निघालो तर देवाच्या सांगण्यावरून की तुझ्या घाईपायी? तेवढं त्याने सांगावं. पण सरळ सांगावं, शिवण तोडून नाही."

मुलीने आईच्या बायबलवर हात ठेवला. मग म्हणाली, "बाबा, शेवटी शेवटी आई ते उशाशी पालथं घालून ठेवायची. उघडंच. रोज. मी म्हटलं, आई, शिवण तुटेल, बाबा ओरडतील. तर हसली. म्हणाली, तुटल्याशिवाय त्यांचं लक्ष जायचं नाही."

काकांनी त्या पुस्तकाचा कणा उजेडात धरला. एकाच जागी, पार दोऱ्यापर्यंत तुटला होता. असं काम एका दिवसाचं नसतं.

"चाळीस वर्षं सांगितलं हिला," ते म्हणाले, "पुस्तक पालथं घालू नकोस." आणि मोठ्याने नाक शिंकरलं.

मग त्यांनी दाभण, सुई आणि दोरा पुढे ओढला. मुलगी मटकन खुर्चीत बसली. आता शिवण, मग चिकटवायला सरस, मग तो वाळायला उद्याची सकाळ. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

पण काकांनी दाभण आणि सुईदोरा रुमालात गुंडाळून बॅगेत टाकला.

"काका," टेम्पोवाला पुन्हा दारात आला, "आला का वरून निरोप?"

"आला," काका म्हणाले. "आणणारी ओळखीची निघाली."

मग त्यांनी घडी केलेल्या सदऱ्यांवर बायकोचं बायबल ठेवलं. अब्राहामाच्या पानावर उघडं, पालथं. बॅगेची चेन काही लागेना. त्यांनी बॅग तशीच उचलली.