डावं पुढचं

“गाडी पन्नासच्या पुढे गेली की घुमायला लागते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “खाली कुणी पिठाची गिरणी लावल्यासारखी. चाकाचं काही असेल का?”

त्या गुरांच्या डॉक्टर होत्या. उद्या पहाटे त्यांना घाट उतरून दोनशे किलोमीटर जायचं होतं.

मामाने त्यांच्या ओठांवरची नजर हलवली नाही. समोरासमोर बोललेलं त्याला अजून कळे, निम्मं कानांनी आणि निम्मं ओठांवरून. पाठीमागून मारलेली हाक मात्र वाऱ्यावर जायची. दोन वर्षं त्याने हे कुणाला कळू दिलं नव्हतं.

गॅरेज आधी मामाचंच होतं. वय झाल्यावर त्याने ते भाच्याच्या हवाली केलं आणि स्वतः त्याच्याकडे कामाला राहिला. आपल्याला ठेवून घेण्याचं कारण एकच, कान, असं तो धरून चालला होता. गाडी सुरू झाली की मामा डोळे मिटून तिचं दुखणं सांगायचा आणि त्यासाठी लोक लांबून यायचे. बोटं तर केव्हाच बधिर झाली होती, तीस वर्षं नट सोडवायच्या एअर गनचे हादरे खाऊन. आता कानांचंही बिंग फुटलं तर घरी बसावं लागणार. घरी सून केर काढताना त्याला खुर्चीसकट सरकवायची.

गेल्या महिन्यात एका गाडीचं भलतंच बेअरिंग बदललं गेलं होतं. तेव्हा भाच्याने त्याला बाजूला घेतलं.

“मामा, तुमचे कान शाबूत आहेत ना? नसतील तर आत्ताच सांगा.”

“तुझ्यापेक्षा शाबूत आहेत.”

भाचा नुसता बघत राहिला. मामाला ते बघणं झोंबलं. हल्ली पोरगा बोलायचाही ओरडून. मालकी आधी घशात चढते, असं मामाचं मत होतं. हाच भाचा कधीकाळी पत्र्याच्या शेडमध्ये ठोकाठोकीला होता, चांगली पाच वर्षं. कानांत कापसाचे बोळे घालून यायचा, ते मामाने स्वतःच्या हातांनी काढून फेकले होते. कान झाकून कुणी मेकॅनिक होत नाही, असं त्याने तेव्हा सुनावलं होतं. याला मी घडवला, हे तो अजून चारचौघांत सांगे.

आता मामाने डॉक्टरीणबाईंच्या गाडीची पुढची चाकं जॅकवर उचलून हलवून पाहिली. एकही खुळखुळलं नाही. पण बेअरिंग झिजायला लागलं की आधी घुमतं, खुळखुळतं फार नंतर.

“चक्कर मारून येऊ,” भाचा म्हणाला.

भाचा चालवायला बसला, मामा त्याच्या डावीकडे. मोकळ्या रस्त्यावर साठचा वेग धरायचा आणि गाडी जरा इकडे, जरा तिकडे वळवायची, ही मामाचीच जुनी रीत. उजवीकडे वळवली की भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा घुमणं वाढलं तर डावं बेअरिंग गेलं. डावीकडे वळवताना वाढलं तर उजवं. एवढं सोपं, ऐकू येत असेल तर.

मामाने डोळे मिटल्यासारखे केले आणि पापण्यांच्या फटीतून भाच्याचा चेहरा धरून ठेवला. त्याच्या तरण्या कानांना जे कळेल ते चेहऱ्यावर उमटेलच. दोन वर्षं मामाचं असंच निभावत होतं.

गाडी डावीकडे वळली. समोरून ट्रक येत होता, भाच्याची नजर रस्त्यावरून ढळली नाही. मग गाडी उजवीकडे वळली. भाच्याची नजर झटकन डावीकडे आली आणि परत गेली.

“डावं पुढचं,” मामा म्हणाला.

“नक्की?”

“माझ्या कानांवर शंका?”

“छे,” भाचा म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसत होता. मामाचाही पडला.

दोघांनी मिळून चाक काढलं, नट सोडवला, जुनं बेअरिंग प्रेसखाली धरून बाहेर ढकललं आणि नवं बसवलं. जुन्यातलं ग्रीस अजून मधासारखं स्वच्छ होतं; झिजलेल्या बेअरिंगमध्ये ते काळं पडतं. मामाने ते फार वेळ पाहिलं नाही, भंगाराच्या पिंपात टाकलं. मग पुन्हा एक चक्कर झाली.

“गेला ना आवाज?” भाच्याने विचारलं.

पोरगा खुशीत दिसत होता. “गेला,” मामा म्हणाला.

डॉक्टरीणबाई गाडी घेऊन गेल्या आणि दहा मिनिटांत परतल्या.

“आवाज तस्साच आहे,” त्या म्हणाल्या. “हीच गाडी तुम्ही चालवून पाहिलीत ना?”

भाच्याने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आत येऊन दार लोटलं. त्याचा चेहरा उतरला होता.

“मामा, डावंच होतं ना?”

डावंच होतं, नवा माल खराब निघाला, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. वाक्य मामाच्या ओठांवर तयार होतं. पण ही बाई पहाटे घाटात असणार होती. त्याला स्वतःची किळस आली. तो वळून हत्यारांच्या फळीकडे तोंड करून म्हणाला, “मला दोन वर्षं धड ऐकू येत नाही.”

भाच्याने त्याचा खांदा धरून त्याला फिरवलं. “काय? इकडे बघून बोला.”

“ऐकू येत नाही मला. मी अंदाजे सांगितलं. गाडी उजवीकडे वळवलीस तेव्हा तू डावीकडे बघितलंस, म्हणून मी डावं म्हणालो. तुझ्या कानांवर दिवस काढत होतो मी. बसव मला घरी.”

भाचा टायरच्या चळतीवर मटकन बसला. तो मामाच्या ओठांकडे बघत राहिला, अजून काही यायचं बाकी असल्यासारखा.

“डावीकडे नव्हतो बघत, मामा,” तो अखेर म्हणाला. “तुमच्या तोंडाकडे बघत होतो. मला तरी कुठं ऐकू येतं?”