कडूबाची पावले

"बाई, आमच्या मानसायचे पाय गेले," मनकर्णाबाई म्हणाल्या.

पुष्पाबाई नर्सने दवाखान्याच्या दाराकडे पाहिले. "कुठे आहेत ते? गाडीत असतील तर उचलून आणायला सांगते."

"आनले ना." मनकर्णाबाईंनी सुनेच्या मांडीकडे बोट केले. तिथे चारेक महिन्यांचे लेकरू स्वतःची मूठ चोखत होते.

पुष्पाबाईंनी सुनेकडे, गीताकडे पाहिले. गीताने नजर खाली वळवली.

मनकर्णाबाईंचा नवरा कडूबा रोहिणखेडचा डाकेचा हरकारा होता. मोताळ्याची थैली खांद्यावर टाकून त्याने उभा जन्म चालण्यात घालवला आणि चैतात, अंथरूणही न धरता, तो गेला. आषाढात सून बाळंत झाली. पाचवीला सुईणीने नातवाला न्हाऊ घातले, काखेत हात घालून पाटावर टेकवले, तर लेकराने एक पाय उचलून पुढे टाकला. मग दुसरा. सुईण हसली. मनकर्णाबाईंनी, नवरा समोर आल्यासारखा, डोक्यावर पदर घेतला.

बारशाला नाव ठेवले कडूबा. ते नाव घरातल्या दोन्ही बायांना घेता येण्यासारखे नव्हते. मनकर्णाबाईंनी तर लग्नापासून 'कडू' हा शब्दही तोंडातून काढला नव्हता. कारल्याला त्या 'वंगाळ चवीचं' म्हणत. नातवाला त्या आता 'अहो' म्हणू लागल्या. रोज सकाळी त्याला पाटावर उभे धरायचे, चार बायांना बोलावून पावले दाखवायची. नवरा गेल्यापासून त्या अर्धी भाकर खाऊन उठत. आता पोटभर जेवू लागल्या. गीता लेकराला पाजताना पदर सरकू देत नसे आणि सगळ्यांसमोर त्याला 'मामाजी' म्हणे. तिचा नवरा खामगावच्या कापसाच्या जिनात कामाला होता. तो कधीमधी येई आणि आईपुढे बोलत नसे.

मग पावले कमी होत गेली. दसऱ्याला लेकरू पाटावर नुसतेच लोंबकळले. मनकर्णाबाईंनी सुनेला सांगून टाकले होते, "तूनं त्यायचा मान नाई ठेवला. दवाखान्यातबी पाय आले नाईत, तं तू माहेरी जाय. त्यायले मी सांभाळीन."

पुष्पाबाईंनी लेकराला टेबलावर निजवले. तळव्यावरून बोट फिरवले. अंगठा वर झाला, बोटे पसरली. तळपाय हातात धरले, तर त्याने जोर लावून हात मागे ढकलला. पालथे घातले, तर मान उचलून त्याने साऱ्या खोलीकडे पाहिले.

"पाय चांगले आहेत. मानही छान धरली आहे."

"मंग चालत काऊन नाईत?"

"ते चालणं नव्हतं, आजी. नुकतं जन्मलेलं लेकरू उभं धरलं, तळवे टेकले, की पाय आपोआप उचलतात. त्याच्या मनात नसतं ते. दोनतीन महिन्यांत ते जातं. खरं चालणं मागून येतं, ते मात्र त्याचं त्याला शिकावं लागतं."

"परतेक लेकराचं?"

"प्रत्येक."

"मले काय लेकरं नाई झाली?"

"त्यांना असं उभं धरून पाहिलं होतं?"

मनकर्णाबाईंनी आठवून पाहिले. ओल्या बाळंतिणीचे लेकरू झोळीत असायचे. उभे कोण धरणार?

बाकावर पिंजाऱ्याची अमीना बसली होती. ती लेकीची बेंबी दाखवायला आली होती. पुष्पाबाईंनी तिला विचारून ती इवलीशी पोर उचलली, दुपटे सोडले आणि तिचे तळवे टेबलाला टेकवले. पोरीने कपाळाला आठ्या घातल्या. मग एक पाय उचलला. मग दुसरा. टेबलाच्या काठापर्यंत ती मोठ्या कामाला निघाल्यासारखी चालत गेली.

गीताने लेकराला छातीशी घट्ट धरले होते.

"अमीना," मनकर्णाबाई अखेर म्हणाल्या, "आता हे तुह्या घरी आले का व?"

"नको वो मावशी," अमीना म्हणाली. "आमच्या घरी एक हाये तोच सांभाळनं होत नाई."

मनकर्णाबाई हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या आणि तसाच तो पदर डोळ्यांना लावला.

"म्हंजे ते आलेच नव्हते," त्या म्हणाल्या.

पुष्पाबाईंनी पोरीला दुपट्यात गुंडाळून अमीनाकडे दिले आणि मनकर्णाबाईंसाठी मडक्यातले पाणी आणले. पाणी पिऊन झाल्यावर मनकर्णाबाईंनी सुनेच्या मांडीवरच्या लेकराकडे नीट पाहिले. ते मूठ सोडून त्यांच्या बांगड्या धरायला हात पुढे करत होते. चुकत होते, पुन्हा करत होते.

"गीता, हे आता रांगीन," त्या म्हणाल्या. "उंबऱ्याच्या भाईर जाईन. गाडीबैलायचा रस्ता हाय. तू हाक कोन्या नावानं मारशीन? ते नाव तुले घेता येत नाई, मले येत नाई. दुसरं ठेव एखांदं."

गीताचे कान लाल झाले.

"बोल ना व. सुचते का काही?"

"वामन," गीता पुटपुटली.

लेकराने बांगड्यांचा नाद सोडला आणि मान वळवून आईकडे पाहिले. मग तोंडभर हसले.

मनकर्णाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा सुनेकडे.

"असं हाय का," त्या म्हणाल्या. "म्हंजे त्याले पह्यलेपासूनच मालूम हाय."